‘नॉट अफ्रेड’ तेव्हा अंगावर आलं, आज का येत नाही?

प्रश्न: अमेरिकन रॅपर एमिनेम मी ऐकायला लागलो तो स्ट्रीमिंगवर. सगळे अल्बम एका रांगेत समोर होते. जुने चाहते सांगतात की २०१० साली ‘नॉट अफ्रेड’ आलं तेव्हा अंगावर काटा आला होता. पण त्यातलेच बरेच जण आता म्हणतात की गाणं उपदेशी आहे, आणि ज्या ‘रिलॅप्स’बद्दल त्याने त्यात माफी मागितली तो अल्बमच खरा भारी होता. मग त्याचं खरं पुनरागमन कुठलं? गाणं मुळात चांगलं आहे की नाही? आणि २०२४ चं ‘हुडिनी’ही त्याच जातीचं मानायचं का?

उत्तर: दोन्ही गोष्टी म्हणणारे बहुतेक वेळा तेच लोक असतात आणि दोन्ही वेळा ते मनापासूनच बोलत असतात. मी बरीच वर्षं रॅपचे आवाज रेकॉर्ड करतो, मिक्स करतो. त्यामुळे माझं उत्तर मायक्रोफोनच्या बाजूने येणार, हे आधीच सांगून टाकतो. पण नुसत्या ध्वनीने हा गुंता सुटत नाही. पुनरागमनाचं सिंगल, म्हणजे अल्बमआधी सुटं सोडलेलं गाणं, ऐकणाऱ्याच्या मनात आधीच एक रिकामी जागा असते. ती किती मोठी आहे आणि कशामुळे झाली आहे, यावर ते गाणं किती खोल जाणार ते ठरतं. तुम्ही आलात तेव्हा ती जागा भरून गेलेली होती. ‘एन्कोर’ आणि ‘नॉट अफ्रेड’ ज्यात आहे तो ‘रिकव्हरी’ या दोन अल्बमांत तुमच्यासाठी अंगठ्याने सरकवण्याइतकंच अंतर होतं.

तेव्हाच्या चाहत्याने ते अंतर कसं काढलं ते बघा. नोव्हेंबर २००४ मध्ये ‘एन्कोर’ आला. त्यातली कितीतरी गाणी उरकल्यासारखी होती आणि ते तेव्हाच जाणवत होतं. २००५ च्या उन्हाळ्यात युरोपचा दौरा रद्द झाला आणि तो झोपेच्या गोळ्यांच्या व्यसनावर उपचार घेत असल्याचं जाहीर झालं. डिसेंबरात निवडक गाण्यांचा संग्रह निघाला, ‘कर्टन कॉल’. असं नाव म्हटल्यावर निवृत्तीच्या अफवा उठणारच. ११ एप्रिल २००६ ला डेट्रॉइटमध्ये एट माइल रोडवरच्या एका क्लबात प्रूफ गोळीबारात मारला गेला. प्रूफ म्हणजे त्याचा पोरवयापासूनचा मित्र, डी-ट्वेल्व्ह या रॅपगटातला जोडीदार, स्टेजवर त्याच्या ओळींची शेपटं उचलून धरणारा माणूस. त्यानंतर जवळजवळ सामसूम. डिसेंबर २००७ मध्ये मेथाडोनच्या अतिमात्रेने तो मरता मरता वाचला, हे तर लोकांना पुढे त्याच्याच मुलाखतींतून कळलं. २० एप्रिल २००८ हा दिवस तो आपल्या व्यसनमुक्तीची सुरुवात मानतो.

म्हणजे लोक एका अल्बमची वाट पाहत नव्हते. हा माणूस जिवंत राहील ना, एवढीच काळजी होती.

आता तुमचा ‘खरं पुनरागमन कुठलं’ हा मुद्दा. तारखेच्या हिशेबाने तो २००९ मध्येच परतला. त्या फेब्रुवारीत त्याचा गुरू आणि निर्माता डॉ. ड्रे आणि रॅपर फिफ्टी सेंट यांच्यासोबतचं ‘क्रॅक अ बॉटल’ आलं, एका आठवड्यात ४ लाख १८ हजार डाउनलोड झाले आणि गाणं बिलबोर्डच्या हॉट १०० मध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत, पहिल्या क्रमांकावर गेलं. एप्रिलमध्ये ‘वी मेड यू’ आलं. मेमध्ये ‘रिलॅप्स’ आला आणि अमेरिकेत पहिल्या आठवड्यात सहा लाखांहून अधिक प्रती विकल्या गेल्या. पुढच्या वर्षी सर्वोत्कृष्ट रॅप अल्बमचं ग्रॅमीही त्यालाच मिळालं. कागदावर यात खोट काढायला जागा नाही. तरीही तो परत आलाय असं चाहत्यांना वाटलं नाही, आणि सगळी गोम इथेच आहे.

‘वी मेड यू’चं काम पाहिलं की कारण दिसतं. नव्या अल्बमच्या आधी प्रसिद्ध लोकांची टर उडवणारं एक हलकंफुलकं गाणं सोडायचं, हा त्याचा जुना शिरस्ता. पण पाच वर्षांच्या काळजीनंतर लोकांना नटनट्यांची नक्कल नको होती. काय झालं ते त्याच्या तोंडून ऐकायचं होतं. अल्बममध्ये ते होतं. ‘देजा व्हू’मध्ये त्याने गोळ्यांची आणि अतिमात्रेच्या त्या प्रसंगाची हकिगत जवळजवळ जबानीसारखी सांगितली आहे. ‘ब्यूटिफुल’ तर व्यसनाच्या काळातच लिहायला घेतलेलं, आणि बाकी अल्बमभर ड्रेचे बीट, म्हणजे रॅपखालचं संगीत, असताना हे एक गाणं त्याने स्वतः बांधलेलं. त्याचा व्हिडिओ डेट्रॉइटच्या उजाड मिशिगन सेंट्रल स्टेशनात, पॅकार्डच्या बंद कारखान्यात आणि पाडकाम चालू असलेल्या टायगर स्टेडियममध्ये चित्रित झाला. पण ही गाणी तोंडावर नव्हती, आत होती. दारात उभी होती ती विदूषकी.

आणि मग ते उच्चार. ‘रिलॅप्स’मध्ये तो जवळजवळ सगळा वेळ एका विचित्र, कुठल्याच देशाच्या नसलेल्या हेलात बोलतो आणि खुनी माणसाच्या तोंडून गोष्टी सांगतो. २००९ मध्ये बहुतेकांना हा चाळा वाटला. माझ्या धंद्यातल्या लोकांचे कान मात्र तेव्हाच टवकारले होते, कारण त्या हेलाला कामाचं कारण आहे. इंग्रजी शब्दांचे स्वर मूळ जागेवर ठेवले तर अनेक शब्द एकमेकांशी जुळत नाहीत. तेच थोडे वाकवले तर चार-पाच अक्षरांचे लांब यमक एकामागून एक लावता येतात. ऑक्टोबर २०१० मध्ये ‘सिक्स्टी मिनिट्स’ या कार्यक्रमात त्याने ‘ऑरेंज’ या शब्दाला यमक नाही हा समज खोडून काढताना नेमकं हेच करून दाखवलं. ‘रिलॅप्स’भर तो ही सवलत मनमुराद घेतो. ‘स्टे वाइड अवेक’ अर्थाकडे दुर्लक्ष करून फक्त स्वरांसाठी एकदा ऐका. एकच स्वरमालिका तो किती ओळी ओढतो आणि ती मोडताना ठोक्याच्या मागे-पुढे कसा सरकतो ते पाहा. शुद्धीवर आलेल्या मेंदूने आपलं हत्यार परत घासून पाहावं तसं ते आहे. २०२२ मध्ये पॉल रोझेनबर्गच्या, म्हणजे त्याच्याच मॅनेजरच्या पॉडकास्टवर त्याने सांगितलं की अतिमात्रेच्या त्या प्रकारानंतर मेंदू पुन्हा नीट चालू व्हायला बराच काळ गेला आणि रॅप करायला नव्याने शिकावं लागलं. रोझेनबर्गने तर डॉक्टरांना विचारलं होतं, याच्या मेंदूला इजा झालेली नाही ना. हे माहीत असलं की ‘रिलॅप्स’ वेगळा ऐकू येतो. २००९ च्या श्रोत्याला ते माहीत नव्हतं.

म्हणून ‘नॉट अफ्रेड’. एप्रिल २०१० मध्ये त्याने जाहीर केलं की ‘रिलॅप्स २’ निघणार नाही. अल्बमचं नाव ‘रिकव्हरी’. महिनाअखेरीस हे सिंगल आलं. बीट बॉय-वन-डाचा. टोरांटोचा हा तरुण निर्माता तेव्हा रॅपर ड्रेकच्या ‘बेस्ट आय एव्हर हॅड’मुळे गाजत होता आणि २००९ च्या ‘फॉरएव्हर’वर त्याच्याच बीटवर एमिनेमने शेवटचं कडवं टाकलं होतं. त्या कडव्यातच, जाणकारांच्या मते, तो खरा जागा झाला होता. हेल नाही, सोंग नाही, धाप लागेपर्यंतचा फ्लो. ड्रेच्या छायेतून बाहेर पडून बाहेरच्या निर्मात्यांकडे जाण्याचा निर्णय हा ‘रिकव्हरी’चा कणा आहे, आणि त्याची पहिली खूण हे सिंगल.

आता गाणंच घेऊ. सुरुवातीलाच तो हुकवर, म्हणजे परतपरत येणाऱ्या ओळींवर जातो. पहिलं कडवं येण्याआधीच गाण्याचा मुद्दा सांगून झालेला असतो. मी घाबरत नाही, हात धरा, वादळ असो की ऊन, रस्ता सोबत काढू. कागदावर हे शाळेच्या प्रार्थनेइतकं साधं आहे. पण हा हुक तो स्वतः गातो, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा निर्णय तोच होता. त्या वर्षी रॅपच्या यशाचा ठरलेला नकाशा होता: कडवी रॅपरची, हुक गोड गळ्याच्या गायकाचा. बी.ओ.बी. आणि ब्रुनो मार्सचं ‘नथिन ऑन यू’ त्याच वसंतात पहिल्या क्रमांकावर गेलं होतं. ‘नॉट अफ्रेड’चा हुक कसलेल्या गायकाला दिला असता तर सूर अधिक नेटका लागला असता आणि गाण्याचा जीव गेला असता. ज्याचं बोलणं आहे त्यानेच ते गायला हवं होतं. त्याचा आवाज वरच्या स्वरांवर ताणतो, कडेला फाटतो, आणि मागे गायकवृंदासारखे थर त्याला उचलून धरतात. माझ्याकडे असा टेक आला तर सूर सुधारायचा मोह होतो, पण अशा ठिकाणी हात आवरावा लागतो.

दुसरं कडवं हे या गाण्याचं खरं काम. तिथे तो चाहत्यांना सांगतो की यापुढे तुम्हाला निराश करणार नाही, आणि लगेच कबूल करतो की आधीचा अल्बम यथातथाच होता, ते उच्चार मी जास्तच ताणले. पहिल्या क्रमांकासाठी सोडलेल्या गाण्यात, जेमतेम वर्षापूर्वीच्या, लाखांनी विकलेल्या आणि नुकतंच ग्रॅमी मिळालेल्या अल्बमला स्वतःच नावं ठेवणं ही रॅपमध्ये ऐकायला मिळणारी गोष्ट नव्हे. ज्या कलेत स्वतःला सर्वश्रेष्ठ म्हणवणं हाच पाया आहे, तिथे हे धाडसच. २०१० मध्ये काटा आला तो इथे. चाहत्यांना वाटलं, हा आपलं बोलणं ऐकत होता.

आज याच ओळीवर लोक सर्वात जास्त चिडतात. कारण ‘रिलॅप्स’ला नंतर स्वतःचा वेगळा, हट्टी चाहतावर्ग मिळाला. त्यांचं म्हणणं असं की त्याने गर्दीच्या दबावाखाली आपलं सर्वात धीट काम नाकारलं, तेही ‘घाबरत नाही’ असं म्हणणाऱ्या गाण्यात. विसंगती खरी आहे आणि मला ती मजेशीरही वाटते. पुढे २०२० च्या डिसेंबरात ‘डिस्कॉम्बोब्युलेटेड’मध्ये ड्रेच्याच बीटवर तो हेल परत आला, तेव्हा याच लोकांनी हरवलेलं पोर घरी आल्यासारखा जल्लोष केला.

पण त्या माफीकडे पाहायची आणखी एक बाजू आहे आणि ती जुन्या चाहत्यांतल्या एका गटाला इतरांपेक्षा जास्त कळते. व्यसनमुक्तीच्या बारा पायऱ्यांच्या कार्यक्रमात आठवी पायरी म्हणजे आपण ज्यांना दुखावलं त्यांची यादी, आणि नववी म्हणजे शक्य तिथे प्रत्यक्ष जाऊन त्यांची भरपाई. ज्यांनी हे केलं आहे किंवा घरात कोणाला करताना पाहिलं आहे, त्यांना ते दुसरं कडवं अल्बमचं परीक्षण वाटतच नाही. ते नवव्या पायरीवरचं बोलणं वाटतं. तिथे समोरच्याचं नुकसान नेमकं किती झालं याचा वाद घालत नाहीत. सरळ कबूल करतात. तिसऱ्या कडव्याची सुरुवातही याच रोखाने आहे: दारू-गोळ्या सोडायचं मी स्वतःसाठी ठरवलं, पण कदाचित नकळत तुमच्यासाठीही. ‘रिकव्हरी’तल्या ‘टॉकिन टू मायसेल्फ’मध्ये तो हिशेब आणखी उघड करतो. ‘एन्कोर’च्या वेळी मी नशेत होतो, ‘रिलॅप्स’च्या वेळी ती अंगातून धुऊन काढत होतो. या काळात एल्टन जॉनने आपल्याला आधार दिला, हे त्याने सांगितलेलंच आहे. तो समाजमाध्यमांवर व्यसनमुक्तीचं नाणं दाखवतो, २०१८ मध्ये दहा वर्षांचं, २०२४ मध्ये सोळा वर्षांचं, तेव्हा खाली प्रतिसाद देणाऱ्यांत स्वतःचे महिने आणि वर्षं लिहिणारे असतात. त्यांच्या मनात ‘नॉट अफ्रेड’ची जागा हललेली नाही. गाणं उपदेशी आहे असं त्यांना सांगायला जाऊ नका. उपदेश कुणी, कुणाला आणि कुठल्या अवस्थेतून केला, हे ते तुमच्यापेक्षा बरं जाणतात.

कारागिरीबद्दल मात्र मी कुणाची भीड ठेवणार नाही. तिसऱ्या कडव्यात तो शपथ घेतो की छताला मी माझ्या मुलींसारखंच वागवीन. इंग्रजीत छत उचलणं आणि मुली वाढवणं एकाच क्रियापदात बसतं, म्हणून. पहिल्यांदा ऐकताना ओठ हलतो, पुढच्या वेळी डोळे फिरतात. शेवटाकडे चंद्र आणि तारे येतात, तेही भेटकार्डावर शोभतील असे. ‘रिलॅप्स’मधल्या लांब स्वरमालिकांशेजारी ठेवले तर हे श्लेष उघडे पडतात. ‘रिकव्हरी’पासून त्याला जडलेली ही खोड पुढे वाढतच गेली: ओळ लिहायची, तिला एक कोटी चिकटवायची, आणि कोटीवर जोर द्यायचा.

त्याहून मोठी तक्रार आवाजाची. या काळातला एमिनेम जवळजवळ प्रत्येक ओळ छातीतून ओरडून टाकतो. ‘द वे आय ॲम’मध्येही तो ओरडतो, पण तिथे राग चढत जातो, इथे पहिल्या ओळीपासूनच पातळी वर आहे. ओरडल्यावर माणसाच्या आवाजातला दोन ते चार किलोहर्ट्झचा पट्टा कडक होतो, आणि आपला कान नेमका त्याच भागात सर्वात हळवा असतो. त्यावर कॉम्प्रेसर घट्ट लावला की ओळीओळींतला चढउतार सपाट होतो. सगळंच महत्त्वाचं झालं की महत्त्वाचं काय ते कळत नाही. मैदानात, व्यायामशाळेत, गाडीत हा आवाज कामाला येतो, कारण आजूबाजूच्या गोंगाटातून शब्द आरपार जातात. इयरफोनवर सलग तीन वेळा ऐकलं की कान थकतो. तुम्ही ते इयरफोनवर, ‘स्टॅन’ आणि ‘लूज युअरसेल्फ’च्या मध्ये ऐकलं असणार. ‘लूज युअरसेल्फ’ची कडवी दबक्या आवाजात सुरू होऊन वर चढतात, त्याच्या शेजारी ‘नॉट अफ्रेड’ एकसुरी वाटलं तर दोष तुमचा नाही.

व्हिडिओही त्याच मापाचा. रिच लीने तो बराचसा न्यूअर्कमध्ये चित्रित केला. इमारतीच्या गच्चीच्या काठावर उभा एमिनेम, तळघर, रस्त्यात आरसे, आणि शेवटी तुटलेल्या रस्त्याच्या टोकावरून उडी मारून आकाशात झेप. मला ती झेप कधीच पटली नाही. पण ‘वी मेड यू’च्या वेषांतरांनंतर वर्षभराने त्याने कुठलंही सोंग न घेता, साध्या कपड्यांत, थेट कॅमेऱ्याकडे पाहून बोलणं, हे तेव्हा लक्षात येण्यासारखं होतं.

आकड्यांचं थोडक्यात. हॉट १०० वर थेट पहिल्या क्रमांकावर उतरलेलं ते इतिहासातलं सोळावं गाणं, आणि हिप-हॉपमध्ये १९९७ च्या पफ डॅडीच्या ‘आय विल बी मिसिंग यू’नंतरचं दुसरं. पहिल्या आठवड्यात ३ लाख ८० हजार डाउनलोड. तो काळ गाणी एकेक विकत घेण्याचा होता; पैसे मोजून, पहिल्याच दिवसांत. त्यामुळे त्या आकड्यात उत्सुकता मोजली गेली, पुन्हापुन्हा ऐकणं नव्हे. ‘रिकव्हरी’ पहिल्या आठवड्यात ७ लाख ४१ हजार खपला आणि त्या वर्षी अमेरिकेत सर्वाधिक विकला गेलेला अल्बम ठरला. पण तोवर रिहानासोबतचं ‘लव्ह द वे यू लाय’ आलं, सात आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं, आणि सर्वसामान्य श्रोत्याच्या आठवणीत २०१० चा एमिनेम म्हणजे ते गाणं झालं. दार उघडणाऱ्या गाण्याला घरात बसायला मिळत नाही, हे पुनरागमनाच्या बाबतीत अनेकदा होतं. तरी चार वर्षांनी दोन्ही गाण्यांना अमेरिकेत विक्रीसाठीचं डायमंड प्रमाणपत्र मिळालं.

मग नजर बदलली कशी? एक कारण वर आलंच, ‘रिलॅप्स’ची किंमत वाढली. मला दुसरं कारण जास्त वजनदार वाटतं: गाण्याची वारसदारं. ‘नॉट अफ्रेड’चा साचा, म्हणजे मोठे ड्रम, हात वर करायला लावणारा हुक, जखमेतून उठण्याची भाषा, वर कोट्यांची पेरणी, पुढे वारंवार वापरला गेला. २०१७ च्या ‘रिव्हायव्हल’मध्ये तो इतका झिजला की समीक्षक आणि चाहते दोघांनीही अल्बम झोडपला. त्या अल्बमचं पहिलं सिंगल ‘वॉक ऑन वॉटर’ हेही एक पुनरागमनच होतं. बियॉन्सेचा आवाज, पियानो, ड्रम जवळपास नाहीतच, आणि आपण संपलो की काय ही शंका. लेखन ‘नॉट अफ्रेड’पेक्षा सरस, पण अमेरिकेत ते पहिल्या दहातही पोचलं नाही आणि चाहत्यांच्या आठवणीतही ठसलं नाही. शंका घेऊन परतणाऱ्याचं स्वागत करायला लोक फारसे तयार नसतात, हे एक. दुसरं म्हणजे ‘रिव्हायव्हल’ ऐकून वैतागलेल्या माणसाने मागे वळून पाहिलं तेव्हा त्याला ‘नॉट अफ्रेड’मध्ये दुखण्याची सुरुवात दिसली. २०१० मध्ये ते दुखणं नव्हतंच. तेव्हा तो आवाज त्याच्यासाठी नवा होता. नातवंडांचे गुण आजोबांच्या माथी मारायचे, असा हा न्याय.

दुसऱ्यांची पुनरागमनं शेजारी ठेवली तर हे जास्त स्पष्ट होतं. रॅपर एलएल कूल जे १९८९ च्या अल्बमनंतर टीकेने जेरीस आला होता. आजीने सांगितलं, टीकाकारांना एका ठोशात लोळव. त्यातून ‘मामा सेड नॉक यू आउट’ झालं. गाण्याची सुरुवातच अशी की याला पुनरागमन म्हणू नका. तो काहीही कबूल करत नाही, कुणाची माफी मागत नाही. म्हणून त्या गाण्याचं वय वाढत नाही. त्यात जुनी होण्यासारखी हकिगतच नाही. उलट जे-झीचं उदाहरण. २००३ च्या ‘द ब्लॅक अल्बम’नंतर गाजावाजा करून निवृत्त, आणि २००६ च्या शरदात ‘शो मी व्हॉट यू गॉट’. जस्ट ब्लेझचा झगमगीत बीट, मोनॅकोतला व्हिडिओ, मोटारशर्यतीतले तारे, बिअरच्या जाहिरातीशी जोडणी. सगळं होतं, पणाला लागलेलं काहीच नव्हतं. तो गेलाच कुठे होता? एका रेकॉर्ड कंपनीच्या अध्यक्षपदावर. २०१३ मध्ये जे-झीने स्वतःच्या अल्बमांची क्रमवारी लावली तेव्हा हे गाणं ज्यात होतं त्या ‘किंगडम कम’ला शेवटचं स्थान दिलं. ज्या गैरहजेरीत कुणाचा जीव टांगणीला लागला नाही, तिच्यानंतरचं गाणं कितीही नीट मिक्स करा, लोकांना त्याची तारीख आठवत नाही.

‘नॉट अफ्रेड’ या दोघांच्या मध्ये बसतं. त्यामागे खरी हकिगत आहे, म्हणून तेव्हा घुसलं. ती हकिगत गाण्याच्या बाहेर ठेवता येत नाही, म्हणून नंतर आलेल्याला अपुरं वाटतं. माझं मत विचाराल तर पुनरागमनाचं सिंगल म्हणून ते अव्वल आणि एमिनेमचं गाणं म्हणून मधल्या फळीतलं. नोव्हेंबर २०२२ मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये त्याचा समावेश झाला, त्या रात्री तो ‘माय नेम इज’पासून निघून मोजकीच गाणी गायला आणि शेवट ‘नॉट अफ्रेड’ने केला. एवढा मोठा गाण्यांचा साठा असताना शेवटची जागा त्याला. त्यानेही ते लेखनाच्या दर्जावर निवडलं नसावं असा माझा अंदाज आहे.

तुम्हाला तेव्हाच्या लोकांच्या कानाने ऐकायचं असेल तर क्रम बदलून पाहा. ‘एन्कोर’मधली शेवटाकडची दोन-तीन कंटाळवाणी गाणी, मग ‘वी मेड यू’, मग ‘ब्यूटिफुल’, मग ‘फॉरएव्हर’मधलं त्याचं कडवं, आणि त्यानंतर ‘नॉट अफ्रेड’. तेही स्पीकरवर, आवाज वर करून. काटा येईलच अशी हमी देत नाही, पण दुसऱ्या कडव्यातली ती कबुली कुठून आली हे नक्की कळेल.

राहिलं ‘हुडिनी’. त्याला मी या जातीत धरत नाही. २०२४ च्या मे महिन्यात ते आलं तेव्हा एमिनेम कुठून परतत नव्हता. मधल्या वर्षांत तो सतत कामात होता, २०२२ च्या सुपर बोलच्या, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या अंतिम सामन्याच्या मध्यंतरातही दिसला होता. स्टीव्ह मिलर बँडच्या ‘अब्राकाडाब्रा’चा तुकडा, स्लिम शेडी या त्याच्या जुन्या खोडकर सोंगाची वेशभूषा, टर उडवणं. म्हणजे ‘वी मेड यू’चाच शिरस्ता, फक्त या वेळी कुणी त्याच्या जिवाची काळजी करत नव्हतं, त्यामुळे विनोद विनोदासारखा ऐकला गेला आणि गाणं चार्टवर थेट दुसऱ्या क्रमांकावर उतरलं. त्यावरून भांडायचं असेल तर वीस वर्षं जुनी सोंगं पुन्हा काढावीत का, यावर भांडा. तिथे माझं मत तुमच्याइतकंच कच्चं आहे.